खिळ्यावरचं कार्ड

आमची ही गेली, त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते म्हणजे पोराला फसवणं.

पोरगा पुण्यात असतो, कॉम्प्युटरच्या कामात. माझी साखर वाढली तेव्हा त्यानं मनगटाला बांधायचा एक पट्टा आणून दिला. तो पट्टा पावलं मोजतो, छातीचे ठोके मोजतो, आणि सगळे आकडे माझ्या मोबाईलवरून त्याच्या मोबाईलवर जातात. रोज पाच हजार पावलं झालीच पाहिजेत, असा त्याचा हुकूम. माझे गुडघे तर बंदोबस्ताला उभं राहून राहून कधीच गेलेले. मग हीच म्हणाली, "आणा इकडं तो पट्टा. माझं दिवसभर फिरणंच हाय. पावलं काय, कुणाची का असंनात." तेव्हापासून पट्टा तिच्या हातात, बांगड्यांच्या मागं. पोरगा फोनवर खूश. आप्पा चालायला लागले.

त्या संध्याकाळी पाच-सहाशे पावलं कमी पडत होती. मी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो आणि ती फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत येरझाऱ्या घालत होती. आकडा पुरा झाला तशी माझ्याजवळ येऊन टेकली. आज दम लागला म्हणाली. मी म्हणालो, बस मग, पोराचं समाधान झालं. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. आप्पा, चालताय का बसलाय? बसलोय म्हणालो. तर तो म्हणाला, "बसल्यावर पण एकशे तीस ठोके दाखवतंय. आणि एकसारखे नाहीत. तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मी दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवून नाडी पाहिली. नाडी बरोबर होती. मला काही झालेलं नाही, पट्टा ढिला झाला असेल, असं मी त्याला सांगितलं. ही शेजारी बसून तोंडाला पदर लावून हसत होती आणि हातानं खुणावत होती, सांगू नका म्हणून.

ते हसणं डोळ्यापुढून हलत नाही. आणि ते आलं की त्याच्या मागोमाग एक जुनी केस येते. दोन्ही माझ्या डोक्यात एक झालंय, आता सुटं करता येत नाही. म्हणून लिहायला बसलोय. मला लिहायची सवय पंचनाम्याची आणि स्टेशन डायरीची. दहावी दुसऱ्या खेपेला सुटलो, शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. घडलं तसं लिहितो. नावं कुणाची लिहीत नाही. ठाण्याचं नाही, कारखान्याचंही नाही.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. दौंडला रेल्वे लायनीपलीकडं माझा एक जुना खबऱ्या चहाची टपरी चालवायचा. एक दिवस दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, साहेब, तुमच्या सणसवाडीच्या बाजूचा माल इकडं भंगारात येतोय, आणि तो भंगार न्हाई.

माल म्हणजे टिपा. लेथवर लोखंड कापतं ते टोक म्हणजे टिप. नखाएवढी असते, पण फार कडक आणि फार महाग. झिजलेल्या टिपा भंगारवाले नेहमीच घेतात, त्यात गुन्हा काही नाही. इथं मात्र सीलबंद डब्या येत होत्या. दौंडच्या ठाण्याला कळवून, दोन पंच घेऊन आम्ही त्या दुकानावर गेलो. डब्या मिळाल्या. पंचनामा करून मुद्देमाल ताब्यात घेतला. भंगारवाला घाबरून गेला होता. मोटारसायकलवर एक माणूस येतो, तोंडाला रुमाल असतो, नाव आबा सांगतो, एवढंच त्यानं सांगितलं.

डब्यांवरच्या चिकटपट्टीवरून कारखाना सापडला. गंमत अशी, की आपल्याकडं चोरी झाली हे कारखान्याला ठाऊकच नव्हतं.

मी कारखाने पाहिले नव्हते असं नाही. संपाचे बंदोबस्त केलेत, यंत्रात हात गेलेल्यांचे पंचनामे केलेत. पण हा कारखाना मला कळेना. बारा मशिनी आणि माणसं सात. पहिल्या तीन मशिनींना माणूसच नाही, एक पिवळा यांत्रिक हात आपला आपण लोखंडाचा तुकडा उचलतो, आत ठेवतो, दार लावतो. प्रत्येक मशिनीच्या डोक्यावर दिवा. काम चालू असलं की हिरवा, पाच मिनिटं थांबलं की लाल. लाल झाला की मॅनेजरच्या मोबाईलवर निरोप जातो. मॅनेजर तरणे होते, सभ्य होते. त्यांनी मला काचेच्या खोलीत नेऊन एक मोठा पडदा दाखवला. कुठली मशीन किती चालली, कुणी चालवली, सगळं त्यावर पळत होतं. गुन्ह्याच्या जागी गेल्यावर मी पहिल्यांदा विचारतो, इथं कोण कोण होतं? ते म्हणाले, "साहेब, ते कुणाला विचारायचं कामच नाही. इथं बघायचं."

टिपांचं कपाटही त्याच जाळ्याला जोडलेलं. कामगारानं आपलं कार्ड लावायचं, खण उघडतो, डबी काढायची, त्याच्या नावावर नोंद पडते. डब्यांचे नंबर घालून त्यांनी पडद्यावर शोधलं. सगळ्या डब्या एकाच कार्डावर निघालेल्या, अकरा वेळा. कार्ड ज्या माणसाचं, त्याला सगळा कारखाना आबा म्हणत होता.

आता भंगारवाला म्हणतो आबा, पडदा म्हणतो आबा. तपासी अंमलदाराला आणखी काय पाहिजे? मॅनेजरांनी फिर्याद दिली, नोंदींचा कागद सहीशिक्क्यानिशी दिला, गुन्हा दाखल झाला. एक काम मात्र मी मागं ठेवलं. भंगारवाल्यासमोर आबाला उभं करून ओळख पटवायची राहिली. शिपाई होतो तेव्हापासून मला ते पहिलं काम म्हणून शिकवलं होतं. पण कागद इतका स्वच्छ होता, की त्याच्यापुढं भंगारवाल्याचे डोळे मला फालतू वाटले.

आबा इनामगावचे. वय पंचावन्न. पहिली वीस वर्षं हातानं चालवायच्या लेथवर काढलेली. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. नोटीस दिली तसे दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला ठाण्यात हजर झाले, धुतलेला सदरा घालून. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर दोन तास बसवून ठेवलं. ही आमची जुनी रीत. बसवून ठेवलेला माणूस आतून ढिला होतो. हे ढिले झाले नाहीत.

मी विचारलं, डब्या कुठं विकल्या? म्हणाले, मी घेतल्याच न्हाईत. कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. परत माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "साहेब, आमच्या गावात जमिनीतून तीन-तीन हजार वर्सांची मडकी निघत्यात. शिकल्यालं लोक येऊन बघून गेलं, पर कुणाच्या हातची ते न्हाई सांगता आलं. तुमच्या कपाटाला महिन्याभरात हात कळला व्हय?"

मला राग आला. आवाज चढवला. चोरी केली नाही म्हणता, मग कार्ड काय पाय फुटून गेलं? तुमचं कार्ड दुसऱ्या कुणाच्या हातात होतं का?

तिथं ते गप्प झाले. तोवर प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देत होते. कार्डाचं विचारलं की भिंतीकडं बघायला लागायचे. तीनदा विचारलं, तीनदा तेच. आता माणसांबद्दलचा माझा अनुभव सांगतो. खोटं बोलणारा माणूस गप्प बसत नाही, तो कारणं देतो. गप्प बसणारा कुणाला तरी पाठीशी घालत असतो. पण कुणाला? चोराला? चोराला पाठीशी घालायचं तर मग हा स्वतः का अडकून घेतोय? मॅनेजरांचे फोन येत होते, अटक कधी करता. आमच्या साहेबांनी सांगितलं, उद्या अकराला अटक दाखवा. अटक झाली की नोकरी गेली. पंचावन्नाव्या वर्षी, नावावर चोरीचा गुन्हा असताना, त्या कारखान्यांच्या भागात कोण त्यांना फाटकाच्या आत घेणार होतं? हे त्यांनाही कळत होतं, मलाही. तरी ते घरी जाताना राम राम करून गेले. कार्ड मी पाकिटात घालून मोहोर करून ठेवलं.

घरी आलो तेव्हा ही भाकरी थापत होती. मी पाटावर बसून सगळं सांगितलं. नोकरीतलं घरी सांगू नये म्हणतात, मी सगळं सांगायचो. म्हणालो, माणूस चोर वाटत नाही, पण मशिनीत त्याचं नाव आलंय, आणि मशीन कशाला खोटं बोलेल?

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मशीन खोटं कुठं बोलतीया? तिनं कार्ड बघितलं, माणूस न्हाई बघितला. तुमच्या मोबाईलला तरी कवा कळलं, गस्तीवर मी हाय म्हणून?"

याचा खुलासा करायला लाज वाटते, पण करतो. गस्तीच्या जागी, म्हणजे बँक, शाळा, देऊळ अशा ठिकाणी, भिंतीवर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र लावलेलं असायचं. तिथं जाऊन मोबाईलनं ते टिपायचं, म्हणजे माणूस तिथं जाऊन आला अशी नोंद व्हायची. पूर्वी वही असायची, तिच्या जागी हे आलं. मी त्या सगळ्या चित्रांचे फोटो काढून, छापून आणून, घरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. तेव्हाचं ते यंत्र फक्त चित्र बघायचं, जागा बघायचं नाही. गुडघा धरला की मी पडून राहायचो आणि ही माझ्या मोबाईलवर एकेक चित्र टिपत जायची. बँक झाली, शाळा झाली, देऊळ झालं म्हणून मला सांगायची. दुसऱ्यांनी काय केलं ते मी लिहीत नाही, माझ्यापुरतं लिहितो.

मी तिला म्हणालो, गप्प बस, तोंडातून काढू नकोस. पण ताट तसंच सारून उठलो.

सकाळी आठला ठाण्यात जाऊन पंचांसमोर पाकीट उघडलं. कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. कार्ड गळ्यात अडकवतात ते वर एक भोक असतं. गळ्यातल्या कार्डाचं भोक चिमट्यानं ओढून ओढून लांबट होतं. माझ्या ओळखपत्राचं तसंच झालं होतं. या कार्डाचं भोक गोल होतं, आणि त्याच्या कडेला तांबूस गंज लागला होता. हे कार्ड गळ्यात लटकत नव्हतं. खिळ्याला लटकत होतं.

साहेबांकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि कारखान्यात गेलो. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एका टेबलाशी बोलावलं, मॅनेजरांना बाहेर थांबायला सांगितलं. म्हणालो, आपापली कार्डं टेबलावर ठेवा. सगळ्यांच्या भोकाला तांबूस गोल. गळ्यातल्या निळ्या दोऱ्या कुठंयत विचारलं, तर कपाटातून काढून दाखवल्या, कोऱ्या करकरीत.

मी विचारलं, खिळा कुठं आहे?

सेटर म्हणून एक जण होता, मशिनीत नवीन काम लावून द्यायचं त्याचं काम. तो तेवढा म्हणाला, साहेब, आबांनी गुन्हा केला, आमचा काय संबंध. बाकीचे सगळे खाली बघत होते. मग सातव्या मशिनीवरची पोरगी उभी राहिली. परभणीकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. म्हणाली, खिळा पाण्याच्या टाकीमागं खांबाला आहे. आबांनी ठोकलाय. आणि तिनं जे सांगितलं ते असं.

कार्डं आली तेव्हा ती गळ्यात घाला असा कारखान्याचा आदेश होता. आबांनी सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, फिरत्या चकाजवळ गळ्यात दोरी घालून जायचं न्हाई, दोरी गुंडाळली की मुंडकं आत जातं, मी बघितलंय. चक म्हणजे लोखंड पकडून फिरवणारा मशिनीचा जबडा. हातलेथवर शिकलेल्या माणसाचा तो पहिला धडा. काचेच्या खोलीतल्या कुणाला ते सुचलं नव्हतं. म्हणून खिळा. कामाला लागताना कार्ड लावायचं आणि खिळ्याला अडकवून मोकळं व्हायचं. पुढं त्या खिळ्याची सोय झाली. कुणी चहाला गेला, कुणाचा घरून फोन आला, तर शेजारचा माणूस त्याचं कार्ड लावून त्याची मशीन चालू ठेवायचा. दिवा हिरवा राहायचा. माल बनत होता, कुणी कामचुकारपणा करत नव्हतं. फक्त काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, असं व्हायचं.

"साहेब, सगळ्यांत जास्त माझंच कार्ड चालवतेत आबा," ती म्हणाली. "माझं बाळ आठ महिन्यांचं हाय. कारखान्याच्या भिंतीमागं खोली हाय माझी. पाजायला जाते पाळीत दोनदा. आबा दोन्ही मशिनी बघतेत. त्यांनी ते सांगितलं असतं तर मला काढलं असतं. म्हणून गप बसले."

एवढं बोलून ती खाली बसली आणि डबा बंद केला. जेवली नाही.

मग मी मागं ठेवलेलं काम केलं. भंगारवाल्याला दौंडहून आणून पाळी सुटायच्या वेळी फाटकासमोर जीपमध्ये बसवलं. आबा त्याच्यापासून दोन हातांवरून गेले, त्यानं ओळखलं नाही. सेटर मोटारसायकलवर आला तसा भंगारवाला सीटखाली वाकला. म्हणाला, हेच आबा. सेटरच्या खोलीची झडती घेतली, आणखी दोन डब्या निघाल्या. सेटर फार वेळ टिकला नाही. मी विचारलं, आबांचंच कार्ड का? वैर होतं का? नाही म्हणाला. "आबा चहाला सगळ्यांच्या शेवटी जात्यात. म्हणून शेवटी अडकवलेलं त्यांचं कार्ड खिळ्यावर सगळ्यांत वर असायचं."

एवढंच कारण. मी ते त्याच्या जबाबात तसंच लिहिलं.

पोरीचं नाव मी कुठल्या कागदावर येऊ दिलं नाही. पण खिळा लिहावाच लागला. खिळ्याशिवाय आबा सुटत नव्हते. दोषारोपपत्राची नक्कल कारखान्याला गेली. पंधरा दिवसांत खिळा उपटला, कार्डं बंद झाली, आणि प्रत्येक मशिनीवर तोंड ओळखणारा कॅमेरा बसला. महिन्याभरात ती पोरगी काम सोडून गेली. तिला कुणी काढलं नाही, तिच्या दिव्यानंच तिला काढलं. दिवसातून दोनदा लाल.

कोर्टाच्या तारखेला आबा साक्षीदार म्हणून आले होते. मी होऊन जवळ गेलो. मला वाटलं दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही मला सोडवलं, उपकार हायेत. पर त्या वाटंनं मला सुटायचं असतं, तर पहिल्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मीच सांगितलं नसतं का?"

मी बरोबर केलं असं कायदा म्हणतो. चोर सापडला, निर्दोष सुटला. मग ती बाळाला घेऊन कुठं गेली असेल, हा विचार माझ्याच डोक्यात का येतो, कायद्याच्या का येत नाही?

वर आणखी एक झालं. मला प्रशस्तीपत्र मिळालं, उत्कृष्ट तांत्रिक तपासाबद्दल. मी आणि तांत्रिक. चौकट करून भिंतीवर लावलं. ही रोज फडक्यानं पुसायची आणि म्हणायची, "अक्षर लई ग्वाड हाय, पर माझं नाव कुठं दिसंना." मी हसण्यावारी न्यायचो. तपास तिच्या एका वाक्यानं फिरला हे मी साहेबांना सांगितलं नाही, पोरालाही नाही. सांगितलं असतं तर कपाटाच्या दारामागचे फोटोही सांगावे लागले असते.

पुढं नवीन भरतीच्या पोरांसमोर बोलायला मला बोलावत. मी त्यांना हीच केस सांगायचो. नोंद कुणाच्या नावावर आहे ते नंतर बघा, आधी विचारा, कार्ड कुणाच्या हातात होतं? पोरं वहीत लिहून घ्यायची.

आता तुम्हीच सांगा. हे दुसऱ्यांना शिकवणारा माणूस मी. आणि पोरगा फोनवर म्हणतो, ठोके बिघडलेत, तेव्हा मी नाडी कुणाची बघितली? माझी. पट्टा माझ्या डोळ्यांसमोर तिच्या हातात होता. एक हात लांब. मी बोटं उचलून तिच्या मनगटावर ठेवायची होती, एवढंच काम होतं. मशीन तेव्हाही खोटं बोलत नव्हती. मी रोज विचार करतो, माझ्या डोक्याला काय झालं होतं? सापडत नाही. शेंगा फोडत होतो, ती हसत होती, तिला हसताना बघून बरं वाटत होतं. याच्यापुढं जबाब जात नाही.

दिवेलागणीनंतर ती म्हणाली, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. शेजाऱ्याच्या गाडीतून शिरूरला निघालो. वाटेत माझ्या खिशातला मोबाईल सारखा वाजत होता. पोरगाच होता. आई आजारी आहे, दवाखान्यात नेतोय, एवढं बोलून मी ठेवून दिला. दवाखान्याच्या फाटकात गाडी वळली तेव्हा तिचा हात माझ्या हातातच होता, पण तो धरत नव्हता. नर्सबाईंनी नंतर बांगड्या आणि पट्टा एका पिशवीत घालून माझ्याकडं दिला. मी पिशवी खिशात ठेवली.

पोरगा आला, रडला, मग कामाला लागला. सगळ्यांना फोन, सकाळची तयारी. त्या गडबडीतही मला दोनदा येऊन विचारून गेला, आप्पा, छातीत दुखतंय का? संध्याकाळी तुमचे आकडे चांगले नव्हते, पाणी प्या, पडून राहा. मी मान हलवली.

सकाळी बुद्धवंदना झाली. माणसं उठली. पोरगा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, तुम्ही नदीपर्यंत चालायचं नाही. गाडी सांगितलीय. तुमच्या ठोक्यांचा भरवसा नाही, मला आता तुम्ही एकटेच आहात."

मी त्याला हाताला धरून लिंबाच्या झाडाखाली नेलं. खिशातली पिशवी काढून पट्टा त्याच्या हातात ठेवला. साक्षीदार बोलतो तसं सरळ उभं राहून बोललो. हा पट्टा पहिल्या महिन्यापासून तुझ्या आईच्या हातात होता. पावलं तिची. काल संध्याकाळचे ठोके तिचे. तू विचारलंस तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती आणि मी तुला माझी नाडी सांगितली.

तो पट्ट्याकडं बघत राहिला. मग मोबाईल काढला, कालचं काहीतरी उघडलं आणि त्याच्याकडं बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "रोज सकाळी सहाला दोनशे पावलं असायची. मला वाटायचं, तुम्ही फाटकापर्यंत पेपर आणायला जाता."

"चुलीपासून हौदापर्यंत," मी म्हणालो. "पाणी भरायची ती."

त्यानं मोबाईल खिशात घातला आणि तिरडीच्या पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

पट्टा मी माझ्या मनगटाला बांधला. ती बांधायची ते भोक मला बसेना, दोन भोकं पुढं न्यावं लागलं. मग निघालो. घरापासून नदी पाऊण मैल असेल. गाडी माझ्या शेजारून हळूहळू चालली होती, दोघा-तिघांनी खिडकीतून बसा बसा म्हणून सांगितलं. बसलो नाही. गुडघ्यांना जे करायचं ते त्यांनी केलं. पुढं पोरगा चालत होता. एकदा त्यानं खांदा बदलला, मोबाईल काढून बघितला, मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि परत खांदा दिला.